‘र’खालचं टिंब

ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात चौदा फोन असतात. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर नंबर. एक ते नऊ अँड्रॉइड, त्यातले तीन इतके जुने की त्यांची कव्हरंसुद्धा आता कुठं मिळत नाहीत. दहा ते बारा आयफोन, सरांच्या पाहुण्यांनी वापरून सोडलेले. तेरा आणि चौदा पुन्हा अँड्रॉइड, कारण ते नंतर आले आणि सगळे नंबर नव्यानं चिकटवायचा मला कंटाळा आला. रोज सकाळी मी ते टेबलावर मांडते आणि एकच ॲप चौदा वेळा उघडते. कुठं बटण कापलं जातं, कुठं अक्षरं एकमेकांवर चढतात, कुठं ॲप उघडतं आणि आपोआप मिटतं, ते बघून लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. फार बोलावं लागत नाही.

आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. खाली पंपाचे सुटे भाग विकणारं दुकान. आम्ही चौघं: सर, अँड्रॉइडचं ॲप करणारा एक, आयफोनचं करणारा एक, आणि मी. त्या दोघांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सरसुद्धा “आयफोन, चहा घेणार का?” असं विचारतात. दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं नाही, डबा दोघं एकत्रच खातात. पण कुठं काही बिघडलं की पहिला म्हणणार, “माझ्या फोनवर चालतंय की,” आणि दुसरा आपला फोन त्याच्या नाकासमोर धरून म्हणणार, “माझ्या पण.” मग दोघं माझ्याकडं बघणार. मी खणातला एखादा फोन उचलून, न बोलता, बंद पडलेलं ॲप दाखवणार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गुऱ्हाळांचं ॲप केलं. कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवरचा गूळ पुण्या-मुंबईच्या लोकांनी घरबसल्या थेट मागवायचा. अडचण पहिल्याच दिवशी ठरलेली होती. गुऱ्हाळवाल्यांकडं स्वस्तातले अँड्रॉइड, गिऱ्हाइकांकडं बरेचसे आयफोन. एकाच ॲपला दोन्हीकडं सारखं दिसायचं होतं आणि दोघांचा गुळाशी संबंध सोडला तर एकमेकांशी काही संबंध नव्हता.

ॲपसाठी गुऱ्हाळं गोळा करायची वेळ आली तेव्हा सरांनी सगळ्यांना ओळखीपाळखीतलं कुणी आहे का विचारलं. मी कधी नव्हे ते तोंड उघडलं. आईच्या धाकट्या भावाचं, माझ्या मामाचं, गडमुडशिंगीला गुऱ्हाळ आहे. मी म्हणाले, मी विचारते.

मामा लगेच तयार झाला. इतक्या लगेच की मलाच धास्ती वाटली. दरवर्षी त्याचा सगळा गूळ मार्केट यार्डात अडत्याकडं जातो, दहा किलोच्या रव्यांत, म्हणजे ढेपांत. यंदा त्यानं एक किलोच्या रव्यांचे साचे करून घेतले आणि अडत्याला सांगून टाकलं की लहान रवे तुमच्याकडं येणार नाहीत, ते माझी भाची विकणार आहे. मी विकणार नाही, ॲप विकणार आहे, असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “तेच की. ॲप कुणाचं? तुझंच न्हवं?”

त्याच्या गुऱ्हाळाची माहिती मी तिथंच बसून माझ्या फोनवरून भरली. बाकीच्या गुऱ्हाळांची यादी अँड्रॉइडवाल्यानं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भरली होती. मामाचं तेवढं मी. माझा फोन म्हणजे मावसबहिणीचा जुना आयफोन. त्यावर मला मराठीत लिहायचा प्रसंग फारसा येत नाही. मी इंग्लिश मीडियमची. घरी आम्ही मुलीसुद्धा ‘आलो’, ‘गेलतो’ असंच बोलतो, मेसेज मात्र सगळे इंग्रजी अक्षरांत. शाळेत मराठीचा तास जेवणानंतरचा होता आणि तो आम्ही बहुतेक झोपेत काढला. ‘गुऱ्हाळ’ हा शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा बोलले होते, लिहिला एकदाही नव्हता. त्या दिवशी लिहायला घेतला आणि ‘गु’नंतर अडकले. रफार दिला तर ‘गुर्हाळ’ झालं. ते चुकीचं आहे एवढं मला दिसत होतं. मामा शेजारी उभा होता आणि मला त्याला विचारायची लाज वाटली. कीबोर्डवर शोधता शोधता खाली देतात ते टिंब सापडलं. ‘र’ घेतला, त्याला टिंब दिलं, पाय मोडला, ‘ह’ जोडला. आणि पडद्यावर तो र असा आडवा होऊन ‘ह’ला टेकला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. गुऱ्हाळ. अगदी पाटीवर असतं तसं.

ॲप सुरू झालं. आमच्या ॲपमध्ये उघडल्या उघडल्या यादी दिसत नाही, फक्त शोधायची चौकट दिसते. सरांचं म्हणणं, यादी दाखवली की लोक वरच्या चौघांकडंच जातात. चौकटीत ‘गुऱ्हाळ’ लिहिलं की नावात तो शब्द असलेली सगळी यावीत, दर वेळी वेगळ्या क्रमानं. पहिल्या आठवड्यात ऑर्डरी यायला लागल्या. दोन गुऱ्हाळवाल्यांनी सरांना फोन करून पेढे मागितले, म्हणजे उलटंच झालं. मामाला एकही ऑर्डर नाही.

दुसऱ्या आठवड्यातही नाही.

मी दिवसातून किती वेळा बघायचे ते सांगता येणार नाही. बसस्टॉपवर, जेवताना, डोकं विंचरताना. माझ्या फोनवर चौकटीत ‘गुऱ्हाळ’ लिहायचे आणि मामाचं गुऱ्हाळ दिसायचं. फोटोसकट. रसाची काहील, वाफ, मागं हसत उभा मामा. म्हणजे दिसतंय तर. मग लोक का घेत नाहीत? फोटो वाईट आहे का? मी फोटो बदलला. दोन दिवसांनी परत बदलला. आईला मामाचा फोन आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर जायचे.

ऑफिसात दोघांचं जुंपलं होतंच. अँड्रॉइडवाल्याच्या मते गिऱ्हाईक आयफोनवर शेवटच्या पानापर्यंत पोचतच नसणार. आयफोनवाल्याच्या मते मामाच्या फोनवर ऑर्डर येत असणार आणि मामाचा फोनच ती गिळत असणार, कारण स्वस्तातले फोन बॅटरी वाचवायला ॲपं झोपवून टाकतात. “तुझं पब्लिकच झोपाळू,” तो म्हणाला. “तुझं पब्लिक गूळ खातं का पण? का नुसता फोटो काढतं?” पहिल्यानं विचारलं. मी दोघांचं म्हणणं चौदा फोनांवर तपासलं. शेवटचं पान सगळीकडं उघडत होतं. झोपवून टाकायचा प्रकार दोन फोनांवर खरा निघाला, पण सर्व्हरवर बघितलं तर मामाच्या नावावर एकही ऑर्डर मुळात पडलीच नव्हती. झोपायला काही आलेलंच नव्हतं.

त्यात हवा ढगाळली. ऐन थंडीत तीन दिवस ऊन नाही. अशा हवेत गुळाला पाणी सुटतं, रवा बाहेरून चिकट होतो आणि मग तो कुणी घेत नाही. मामाच्या शेडमध्ये लहान रव्यांची थप्पी छातीइतकी आली होती. त्यावर त्यानं ताडपत्री घातली होती, हे मला आईनं सांगितलं. मामानं मला काही विचारलं नाही. तो आईलाच विचारायचा, ती कामात हाय का.

सोमवारी त्यानं मला थेट फोन केला. इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी बोलला आणि मग म्हणाला, “ए, माझ्याच फोनात मी न्हाय की गं.”

मला कळेना. तो म्हणाला, त्यानं चौकटीत गुऱ्हाळ लिहिलं, सगळी गुऱ्हाळं आली, पलीकडच्या गल्लीतलं आलं, त्याचं आलं नाही. मी म्हणाले, तुझ्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलीत, त्यामुळं खालचं दिसत नसेल. खाली सरकव. तो म्हणाला, खालीपातूर गेलो. न्हाय.

मंगळवारी सकाळी मी चौदाही फोन मांडले आणि प्रत्येकावर तोच शब्द लिहिला, ऑफिसच्या फोनांवर नेहमी लिहिते तसा, इंग्रजीत ‘gurhal’ लिहून मराठी करून घेतलेला. आधीही शेकडो वेळा लिहिला होता, पण तेव्हा मी फक्त शोध चालतो का ते बघत होते. यादी आली की पुढचा फोन. यादीत कोण नाही ते बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ते मी माझ्या फोनवर बघत होते. आता एकेक नाव वाचलं. एक नंबरवर मामा नाही. दोनवर नाही. नऊपर्यंत नाही. मग दहा, अकरा, बारा, हे तर आयफोन, माझ्यासारखेच. त्यांवरही नाही. तेरावर, चौदावर नाही. मामा फक्त माझ्या फोनवर होता.

मी मामाच्या पानावरचा शब्द उचलून पाच नंबरच्या फोनवर चौकटीत चिकटवला. मामा आला. एकटाच. बाकीची सगळी गुऱ्हाळं गायब.

दोन्ही शब्द वरखाली ठेवून मी किती तरी वेळ बघत बसले. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. मग काहीतरी करायचं म्हणून दोन्ही शेवटाकडून खोडायला लागले. ळ गेला, काना गेला, ह गेला, मोडलेला पाय गेला. पुढच्या वेळी बोट दाबलं तेव्हा पाच नंबरवर लिहिलेल्या शब्दातला ऱ अख्खा पुसला. मामाच्या शब्दातलं फक्त टिंब पुसलं, आणि र तसाच राहिला.

माणसाला एकच अक्षर दिसत होतं, मशीनच्या लेखी ती दोन होती. बाकी सगळ्यांच्या कीबोर्डवर तयार ऱ आहे. माझ्याही आहे, ‘र’ दाबून धरला की वर येतो, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजीत ‘gurhal’ लिहून मराठी करून घेणाऱ्यांनाही तोच तयार ऱ मिळतो. जगात बहुतेक मी एकटीच तो र आणि टिंब असा हातानं जोडत बसले होते. आणि मी जोडलेला मीच शोधत होते, म्हणून मला सापडत होता. भांडण अँड्रॉइडचं नव्हतं आणि आयफोनचंही नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत, नेहमीसारखा. एका नोंदीतला शब्द वेगळ्या पद्धतीनं टाइप झाल्यामुळं शोधात येत नाही. सर्व्हरवर दोन्ही प्रकार एकच धरावेत. चार ओळी. कुणी टाइप केला ते त्यात नव्हतं. इंग्रजीत तसं लिहिणं फार सोपं जातं. तशी सोय मराठीतही आहे, ‘टाकलं गेलं’ म्हणता येतं. पण मामासमोर ‘टाकलं गेलं’ म्हटलं असतं तर त्यानं ‘कुणाकडनं?’ असं विचारलं असतं.

अँड्रॉइडवाल्यानं तासाभरात दुरुस्त केलं. सर म्हणाले, असलं काही असेल असं मला वाटलंच होतं. आयफोनवाला म्हणाला, चला, म्हणजे आयफोनचा दोष नव्हता. मी चौदाही फोनांवर बघितलं, मामा सगळीकडं होता. डबा खाताना अँड्रॉइडवाला माझ्याकडं न बघता म्हणाला, “नोंद कुणी केली ते लॉगमध्ये दिसतं की. मी बोललो का काय?”

मी मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत राहिले. तो वाईट अर्थानं बोलला नव्हता. उपकार केल्यासारखंच बोलला होता. पण त्यानंतर मला ऑफिसात बसवेना.

मामाला फोन करायचा होता. मंगळवारी वाटलं, उद्या एखादी ऑर्डर येईल, मग दोन्ही एकदम सांगू. चूकही आणि ऑर्डरही. म्हणजे चूक थोडी लहान वाटेल. बुधवारी सरांनी दुसऱ्या कामाला लावलं, मामाच्या नावावर काय पडतंय ते बघणं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही. बघितलं आणि काही नसलं तर काय, या भीतीनं मी बघत नव्हते. गुरुवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी आईनं सांगितलं, मामा ऐतवारी टेम्पो बोलवतोय. लहान-मोठे सगळे रवे अडत्याकडं घालणार. ढगाळ हवेत आणखी ठेवायची छाती नाही म्हणाला. शनिवारी मी दोनदा त्याचा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा घालून ठेवला.

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि गेले.

टेम्पो शेडच्या तोंडाशी उलटा लावलेला होता. ताडपत्री बाजूला पडली होती आणि थप्पीतले निम्मे रवे वर गेले होते. मामा खालून एकेक देत होता, ड्रायव्हर वर रचत होता. लहान रव्यांचे थर मोठ्यांच्या वर. मला बघून मामा म्हणाला, “काय गं, कंपनीला सुट्टी व्हय?” आणि रवा वर दिला.

मी तिथंच उभी राहून सांगितलं. टिंबाचं सांगितलं, खोडून बघितलेलं सांगितलं, ते मीच तसं लिहिलं होतं हेही सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार थोड्या वाक्यांत संपलं. मामा ऐकता ऐकता रवे देत होता. टिंबाचं त्याला कळलं की नाही माहीत नाही. त्यानं एकच विचारलं.

“कवा कळलं?”

“मंगळवारी.”

“आज ऐतवार हाय.”

आणि त्यानं पुढचा रवा वर दिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. माझे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी खांबाला अडकवलेल्या पिशवीतून त्याचा फोन काढला. ॲप झोपलेलंच होतं. त्याचा फोन खणातल्या त्या दोन फोनांपैकी एकाच्या कंपनीचा. मी ते उघडलं. गोल फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आणि मग एकाखाली एक तीन ऑर्डरी आल्या. एक गुरुवारची, दोन शुक्रवारच्या. दोन पुण्याच्या, एक ठाण्याची. मिळून अकरा रवे.

मामानं दोन आठवड्यांपासून ॲप उघडलेलंच नव्हतं, फक्त त्या सोमवारचं सोडून. उघडून काय करणार होता? मी मंगळवारी फोन केला असता तर त्यानं रोज उघडलं असतं.

मी फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं चष्मा नसल्यामुळं मान मागं घेऊन बघितलं आणि मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. तो ड्रायव्हरला म्हणाला, “थांब रं. अकरा खाली दे.”

“ओ पावणं, चढवायचं का उतरवायचं, एक काय ते ठरवा,” ड्रायव्हर वरून म्हणाला.

“अकरा उतरव. बाकी जाऊ दे.”

“सगळं नको का उतरवायला?” मी विचारलं. “अजून येतील ऑर्डरी.”

“येतील तवा रसाचं नवं आधण लावू की. ह्यो माल भिजाय लागलाय.” त्यानं एका रव्यावर अंगठा दाबून मला दाखवला. अंगठ्याचा ठसा उठला. “ह्यातलं कोरडं बघून अकरा काढ. हात लावून बघ.”

मी टेम्पोच्या फळीवर चढले. ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालून बाजूला झाला. एकेक रवा दाबून बघत मी खाली देत गेले. चार चांगले सापडले, मग तीन सलग ओले, मग पुन्हा दोन. अकरावा सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात चिकट झाले होते, ओढणीलाही गूळ लागला होता. खाली उरलेले रवे तोवर मामानं वर चढवले होते. मी उतरले आणि टेम्पो सुरू झाला. तो उसाच्या चिपाडांच्या ढिगाला वळसा घालून रस्त्याला लागला आणि शेड एकदम मोठी दिसायला लागली.

मामानं अकरा रवे पोत्यावर मांडले. मग शेवटचा हातात धरून तसाच उभा राहिला.

“त्या गुरुवारवालीला फोन लाव,” तो म्हणाला. “वाट बघत आसंल. का उशीर झाला ते सांग.”

मी म्हणाले, मेसेज टाकते.

“मेसेज नगं. बोल.”

मला अनोळखी माणसांशी फोनवर बोलायला जमत नाही हे त्याला माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. मी फोन घेऊन ढिगाच्या पलीकडं निघाले, तर तो म्हणाला, “हितंच बोल. मला बी ऐकू दे.”

मी नंबर लावला. तिसऱ्या रिंगला पुण्याहून कुणीतरी उचलला. मी हॅलो म्हणाले, आणि मामानं हातातला रवा खाली ठेवला.